डावीकडचे घड्याळजी

फोटोवाले आणि घड्याळजी यांची पहिली भेट दोन तास चाळीस मिनिटं चालली आणि तेवढ्यात घड्याळजी एकूण चार शब्द बोलले. वेळ मोजली गेली ती घड्याळजींच्या मनगटावर, कारण स्टुडिओच्या भिंतीवरचं घड्याळ गेली सहा वर्षं सव्वादहावर रुसून बसलं होतं.

शेजारचं दुकान नुकतंच भाड्यानं घेतलेला हा किडकिडीत गृहस्थ परवान्याच्या अर्जासाठी फोटो काढायला आला, स्टुलावर बसला, आणि फोटोवाल्यांना त्याच्या उजव्या डोळ्याभोवती लाल गोल वळ दिसला.

"हे काय लागलं?"

"भिंग," घड्याळजी म्हणाले.

"हा वळ घेऊन फोटो काढायचा? लोक म्हणतील, या फोटोवाल्यानं गिऱ्हाइकाला आधी ठोसा मारला आणि मग हसायला सांगितलं."

"जाईल."

तो जाईपर्यंत हात रिकामे कशाला ठेवायचे म्हणून फोटोवाल्यांनी हनुवटीचं काम काढलं. ती तांदळाएवढी खाली आणली, मग अर्धा तांदूळ वर नेली. उजवा कान उजेडात आला की डावा नाराज व्हायचा. तेवढ्या वेळात समोरच्या शिंप्यानं एक अख्खा कोट बेतला, शिवला, आणि गिऱ्हाइकानं तो काखेत घट्ट होतो म्हणून परतही केला. येताना गुळगुळीत असलेली घड्याळजींची दाढी जाईपर्यंत खुरटी झाली होती, अशी साक्ष फोटोवाले पुढे बावीस वर्षं शपथेवर देत. शेवटी वळ गेला, दिवे लागले, "हसा" म्हणून हुकूम सुटला, आणि घड्याळजींनी हसायचं सोडून भिंतीकडे बोट केलं.

"घड्याळ थांबलंय."

त्याच स्टुलावर चढून त्यांनी ते उतरवलं, उघडलं, फुंकर मारून चालू केलं. फोटोत एक बोट आलं होतं. फोटोवाल्यांनी फोटोचे पैसे घेतले नाहीत, घड्याळजींनी दुरुस्तीचे घेतले नाहीत, आणि दुसऱ्या दिवसापासून चारचा चहा सुरू झाला. बोलायचं काम फोटोवाल्यांचं, ऐकायचं घड्याळजींचं. सकाळी दुकान उघडताना फोटोवाले सगळ्या गल्लीला हाका मारत मारत यायचे. घड्याळजी फक्त डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवायचे. त्या सरकवण्यात नमस्कार, विचारपूस आणि हवापाण्याच्या गप्पा असं सगळं आलं.

आता फोटोवाल्यांच्या तोऱ्याबद्दल. हा माणूस पावती देत नसे. फोटो काढला की गिऱ्हाइकाकडे एकदा डोळे भरून बघायचा आणि म्हणायचा, "जा. कधीही या. चेहरा दाखवा, पाकीट घेऊन जा." आणि खरोखरच, चार महिन्यांनी, दाढी वाढवून, वीस किलो वजन उतरवून कोणी आला तरी फोटोवाले मान वर करून बघायचे आणि ड्रॉवरमधल्या शंभर पाकिटांतून त्याचं नेमकं पाकीट ओढायचे. लहानपणी रडत फोटो काढलेली पोरगी लग्न होऊन आली तरी "काय गं, अजून तशीच हनुवटी थरथरते का?" म्हणून विचारायचे. पावती मागणाऱ्या नवख्या माणसाकडे ते अशा नजरेनं बघायचे की त्याला आपण त्यांच्या आईबद्दल काही वाईट बोललो की काय असं वाटावं. समोरच्या शिंप्याचे डोळे अधू होते आणि त्यानं एकदा दुकानाबाहेरच्या कापडी पुतळ्याला "या, बसा" म्हटलं होतं. फोटोवाल्यांनी ती गोष्ट अकरा वर्षं सांगितली. दर वर्षी पुतळा थोडा जास्त बोलका व्हायचा.

फोटोवाल्यांच्या त्रेसष्टाव्या वर्षी मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. स्टुडिओतच. एका बँकेतल्या कारकुनाची मान सरळ करता करता यांचीच मान वाकडी झाली. कारकुनानंच आरडाओरड केली, घड्याळजी धावत आले आणि त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर चौथ्या दिवशी म्हणाले, "नशीबवान आहात. हात चालतोय, पाय चालतोय, बोलणं तर जरा जास्तच चालतंय." सगळे हसले. फोटोवालेही हसले. मग पलंगाशी उभ्या असलेल्या, कपाळावर हात ठेवणाऱ्या नर्सला त्यांनी विचारलं, "सिस्टर, माझी मुलगी कधी येणार हो?"

ती नर्स नव्हती.

लेकीनं तोंडावर रुमाल धरला. त्यातूनच पुटपुटली, "येतील हं, थोड्या वेळात." बाहेर गेली, व्हरांड्यात डोळे पुसले, आणि आत येताना दारातूनच म्हणाली, "बाबा, मी आले." आवाज ऐकताच फोटोवाल्यांना सगळं कळलं. त्यांना नाक दिसत होतं, डोळे दिसत होते, कपाळ दिसत होतं. एकेक वस्तू जागच्या जागी होती. पण त्या सगळ्यांची मिळून लेक होत नव्हती. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि झोप लागल्याचं सोंग केलं. शरम वाटायला लागली ती त्या दुपारपासून.

घरी आल्यावर दुसरा प्रकार लक्षात आला. लक्षात आला तो बायकोच्या. फोटोवाले ताटातली उजवीकडची भाजी चाटूनपुसून खायचे आणि मग कुरकुर करायचे, "भात नाही का आज?" भात डावीकडे वाट बघत असायचा. बायको काही न बोलता ताट फिरवायची, आणि भात जादूनं यायचा. दाढी करून बाहेर आले की उजवा गाल लग्नाला निघालेला, डावा गाल तुरुंगातून सुटलेला. आरशातला माणूस त्यांना घरमालकाच्या चुलत भावासारखा वाटायचा. दाराच्या डाव्या चौकटीशी त्यांच्या खांद्याचं रोज भांडण व्हायचं आणि चौकट रोज जिंकायची.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी एकदा कागद दिला आणि म्हणाल्या, "एक घड्याळ काढा, काका." फोटोवाल्यांनी झोकात गोल काढला आणि बारापासून सहापर्यंतचे आकडे घातले, मग त्यांच्याच खाली सात, आठ, नऊ, असे बाराच्या बारा आकडे उजव्या बाजूला दाटीवाटीनं उभे केले. डावी बाजू मोकळं मैदान.

"झालं?" बाईंनी विचारलं.

"झालं की. शेजारी घड्याळजी आहे माझा. मला काय घड्याळ शिकवता."

बाईंनी कागद फिरवला. रिकामी बाजू उजवीकडे आली तशी ती फोटोवाल्यांना दिसली. ते बराच वेळ बघत राहिले. मग कागदाची घडी करून खिशात घातली आणि म्हणाले, "हे कोणाला दाखवू नका."

बाईंनी समजावून सांगितलं: डोळ्यांत दोष नाही, पण डावीकडे लक्ष द्यायची मेंदूची सवय गेली आहे. ती हळूहळू थोडी परत येईल. चेहऱ्यांचं मात्र सांगता येत नाही. लोकांना आवाजावरून, चालीवरून, कपड्यांवरून ओळखायचं. "आणि लोकांना सांगून टाकायचं, काका. लोक समजून घेतात."

त्या गेल्यावर फोटोवाल्यांनी बायकोला आणि लेकीला समोर बसवलं. "आजार पुरता बरा झाला, फक्त विश्रांती हवी म्हणून भेटायला कोणी नको, एवढंच गल्लीत सांगायचं. चेहऱ्यांचं आणि डावीकडचं कोणाला सांगायचं नाही. शिंप्याला नाही, घड्याळजींनाही नाही."

"भाऊजींना काय हरकत आहे?" बायको म्हणाली.

"पाय गेला असता तर मी स्वतः दवंडी पिटली असती. पण फोटोवाल्याला चेहरा ओळखता येत नाही, हे सांगू? तो शिंपी काय करेल माहीत आहे ना? अकरा वर्षांचं उट्टं काढेल."

"काढू दे. तुम्हीच पेरलंय."

"सांगितलंस तर मी दुकानात पाय ठेवणार नाही."

बायकोनं हात जोडले. मनापासून नव्हे, पण जोडले.

दोन महिन्यांनी ते दुकानात निघाले. बायकोनं आदल्या दिवशी सांगितलं होतं, "दुकान झाडून पुसून ठेवलंय, काळजी नको." कोणी ठेवलंय हे सांगायचं राहून गेलं, किंवा तिला ते सांगायची गरज वाटली नाही. घड्याळजींकडे स्टुडिओची जादा किल्ली वर्षानुवर्षं होती. दोन महिने ते रोज सकाळी शटर उघडून हवा खेळवत होते, कॅमेऱ्यावरचं फडकं झटकत होते, आणि आलेल्या गिऱ्हाइकांना मान हलवून परत पाठवत होते. त्या दिवशी तर ते भिंग दुकानातच ठेवून, नवा शर्ट घालून, केसांना पाणी लावून, हातात किल्ली घेऊन स्टुडिओच्या दारात उभे होते.

बायको कोपऱ्यावर औषधाच्या दुकानात थांबली. फोटोवाले पुढे आले. दारात एक किडकिडीत माणूस. हसतोय. किल्ली पुढे करतोय. बोलत काही नाही.

"झालं का झाडून?" फोटोवाले म्हणाले. "छान केलंत." किल्ली घेतली, खिशातून एक नोट काढली, त्या माणसाच्या तळहातावर ठेवून मूठ मिटवली आणि खांद्यावर थोपटलं. "चहा प्या. उद्यापासून आला नाहीत तरी चालेल. आता मी आहे."

तो माणूस मुठीकडे बघत राहिला. मग डावीकडे वळला. डावीकडे वळलेली माणसं त्या काळात फोटोवाल्यांच्या जगातून जातच असत, तसा तो गेला.

पाच मिनिटांनी बायको आली. "भाऊजी कुठे गेले?"

"कोण भाऊजी?"

"अहो, इथे उभे होते ना. लांबून दिसले मला. नवा शर्ट घातला होता आज, तुमच्यासाठी. किल्ली दिली का त्यांनी?"

फोटोवाल्यांच्या हातात किल्ली होती. ते स्टुलावर बसले. कानाची पाळी तापली, मग मान, मग पाठ. माणसाचं सगळं अंग लाजू शकतं हे त्यांना त्या दिवशी कळलं. नोट आठवली, थोपटणं आठवलं, आणि "उद्यापासून आला नाहीत तरी चालेल" हे वाक्य तर पुढे कित्येक महिने जेवताना, दात घासताना, कधीही आठवायचं आणि घास तोंडातच राहायचा.

"जा ना," बायको म्हणाली. "आत्ताच्या आत्ता जा आणि सांगा."

"जातो."

चार वाजले. चहा आला, दोन कप. एक गार झाला. भिंतीपलीकडून घड्याळजींच्या खोकल्याचा आवाज येत होता. फोटोवाले गेले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. गेलो तर सांगावं लागेल. सांगितलं तर संपलं. बावीस वर्षं ज्याच्यासमोर चेहऱ्यांच्या बढाया मारल्या, त्याला जाऊन म्हणायचं की तुमचाच चेहरा गेला?

नवव्या दिवशी मात्र त्यांनी धीर केला. मधला मार्ग शोधला होता: माफी मागायची, कारण सांगायचं नाही. ऊन डोळ्यावर होतं, घाई होती, असं काहीतरी. पायऱ्या मोजत ते शेजारी गेले. समोर, नेहमीच्या जागी, एक माणूस हातातल्या घड्याळावर मान वाकवून बसलेला. फोटोवाल्यांनी डोळे मिटून घेतल्यासारखं करून सुरुवात केली.

"हे बघा, त्या दिवशी माझं चुकलं. ऊन असं तोंडावर होतं की समोर राजा आला असता तरी दिसला नसता. तुम्ही माझ्यासाठी दोन महिने एवढं केलंत, आणि मी तुमच्या हातावर... मला झोप नाही हो. माझ्यासारखा नालायक माणूस या गल्लीत दुसरा नाही. तुम्ही मला दोन शिव्या द्या, पण चहाला या."

त्या माणसानं मान वर केली. तो घाबरला होता. "मी पट्टा बदलायला आलोय," तो म्हणाला.

आणि डावीकडून, भिंतीशी, जिथे घड्याळजींनी उजेडासाठी गेल्याच महिन्यात आपलं टेबल सरकवलं होतं, तिथून आवाज आला. "मी इकडे आहे."

हा क्षण होता. सगळं सांगायला याहून चांगला क्षण देवालासुद्धा जुळवता आला नसता. एक वाक्य पुरलं असतं. फोटोवाल्यांनी पट्टेवाल्याकडे पाहिलं, आवाजाकडे पाहिलं, आणि त्यांच्या तोंडातून जे बाहेर पडलं ते ऐकून त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं.

"माहीत आहे हो. गंमत केली."

पट्टेवाला दोघांकडे आळीपाळीनं बघत होता. मग घड्याळजी म्हणाले, "बरं," आणि भिंग डोळ्याला लावल्याचा बारीकसा आवाज आला.

त्यानंतर सगळं उतारावरून घसरलं. बायको काउंटरवर बसून पावत्या देऊ लागली. तरी ती घरी गेली की फोटोवाले जुन्या खुमखुमीनं पाकिटं द्यायचेच. दोन मिशीवाल्यांची पाकिटं अशीच बदलली. त्यातल्या एकानं दुसऱ्याचा फोटो अर्जावर चिकटवला, आणि कचेरीनं त्याला त्यावर ओळखपत्र दिलंही. म्हणजे चेहरे न ओळखणारे गावात फोटोवाले एकटेच नव्हते, पण हा विनोद ते कोणाला सांगणार? रस्त्यात कोणी हात केला तर ते उगीच आकाशाकडे बघायचे. शिंप्यानं समोरून "काय म्हणता?" विचारलं तर आवाज ओळखून जरुरीपेक्षा मोठ्यानं उत्तर द्यायचे. डाव्या बाजूच्या सायकली पाडायचे.

मग आला शाळेचा वर्गफोटो. त्या शाळेचे वर्गफोटो तीस वर्षं त्यांचेच. मुलं उंचीप्रमाणे उभी केली, मधल्या खुर्चीवर मुख्याध्यापिका. बायको त्या दिवशी तापानं झोपली होती. फोटोवाल्यांनी कॅमेऱ्यातून बघितलं, सगळं कसं भरगच्च, नेटकं दिसलं. मोठी प्रत काढून, चौकटीत बसवून त्यांनी ती स्वतः शाळेत पोचती केली.

मुख्याध्यापिका संध्याकाळी ती चौकट काखेत घेऊन आल्या आणि दारातूनच बोलू लागल्या, त्यामुळे गल्लीला आत यायची गरज पडली नाही.

"माझी अठरा मुलं कुठे आहेत?"

फोटोत वर्गाची उजवी बाजू होती. डावीकडची अठरा मुलं नव्हतीच. खुद्द मुख्याध्यापिका फोटोच्या कडेला नाकापर्यंत आल्या होत्या; नाकाच्या अलीकडचा एक डोळा मोठ्या रागानं उरला होता.

"बाई, लेन्स..." फोटोवाले म्हणाले.

"लेन्सनं माझा डोळा खाल्ला का? तीस वर्षांत असं झालं नव्हतं. तुम्हाला झालंय तरी काय?"

गल्लीला त्याचं उत्तर सापडायला दोन दिवसही लागले नाहीत. ओळखीच्या माणसांना ओळख देत नाहीत. भिंती धरून चालतात. एका बाजूला झुकतात. एकच गाल घोटलेला असतो. दुपारी कोणालातरी मिठी मारल्यासारखी माफी मागत होते, पट्टेवाल्यानं स्वतः सांगितलं. फोटोवाले पितात. शिंप्यानं तर कोणती पितात तेही सांगितलं.

बायकोच्या कानावर हे आलं तेव्हा ती पावत्यांचं पुस्तक आपटून उभी राहिली. "आता सांगते मी सगळ्यांना."

"थांब," फोटोवाले म्हणाले.

"थांब काय? दारुडा म्हणतायत तुम्हाला."

फोटोवाले कॅमेऱ्यावरचं फडकं सारखं करू लागले. ती त्यांच्याकडे बघत राहिली, आणि तिला हळूहळू उमगलं. "म्हणजे दारुडा म्हणवून घ्यायला चालतं, आजारी म्हणवून घ्यायला लाज वाटते?"

त्यांनी मान खाली घातली. उत्तर तेच होतं. पिणाऱ्या माणसाचं कसब झोपलेलं असतं, उद्या जागं होईल अशी आशा असते. त्यांचं कसब मेलं होतं. बायको त्या दिवशी तडक घरी गेली आणि पुढचे पंधरा दिवस तिनं ताट फिरवलं, पण आदळून.

एका दुपारी चार वाजता स्टुडिओचं दार लोटलं गेलं. एक माणूस आत आला, स्टूल ओढून फोटोवाल्यांच्या अगदी उजवीकडे बसला आणि खोकला. खोकल्यावरून फोटोवाल्यांनी ओळखलं.

घड्याळजी बोलू लागले. बावीस वर्षांत ते एका दमात इतकं बोलले नव्हते. मध्ये दोनदा त्यांना श्वास घ्यायला थांबावं लागलं. "तुम्ही मला नोट दिलीत त्याचा मला राग आला होता. मग पट्टेवाल्यापुढे माझी चेष्टा केलीत, त्याचा जास्त आला. मी ठरवलं होतं, या माणसाचं तोंड बघायचं नाही. पण आता कळलं, ते तुम्ही नव्हतात, ती दारू होती. माझा मेव्हणा असाच होता. घरच्यांना ओळखायचा नाही. तो सुटला यातून. रविवारी सकाळी पोस्टाच्या मागच्या हॉलमध्ये सोडणाऱ्यांची सभा असते. मी घेऊन जाईन तुम्हाला. लाजायचं नाही. दुखणंच आहे ते."

दुखणंच आहे ते. फोटोवाल्यांच्या घशाशी सगळं खरं आलं. समोरचा चेहरा ओळखीचा नव्हता, पण तो कोणाचा आहे हे त्यांना इतकं पक्कं ठाऊक होतं की डोळे भरून आले. हा माणूस एकदा हातावर टाकलेली नोट विसरून त्यांना वाचवायला आला होता. 'मी पीत नाही' एवढंच म्हणायचं होतं. पण मग पुढचा प्रश्न येणार होता: मग मला ओळखलं का नाहीत? आणि मग, गंमत केली असं का म्हणालात?

"सोडतो," फोटोवाले म्हणाले.

घड्याळजींनी त्यांचा हात हातात घेतला. चहा मागवला. दोन कप.

आयुष्यात खोकल्याच्या औषधापलीकडे न गेलेला हा माणूस त्यानंतर दर रविवारी दारू सोडायला जाऊ लागला. घड्याळजी त्यांच्या डाव्या बाजूनं चालायचे, कोपर धरून, तोल जाऊ नये म्हणून. त्यामुळे सायकली पडायच्या थांबल्या आणि गल्लीला वाटलं, फरक पडतोय. हॉलमध्ये गोल मांडलेल्या खुर्च्यांवर माणसं बसायची. एकदा एका दणकट ट्रकवाल्यानं विचारलं, "काका, दिवसाला किती घ्यायचात?"

फोटोवाल्यांना माप ठाऊक नव्हतं. "सहा बाटल्या," ते म्हणाले.

ट्रकवाल्यानं आदरानं पाय जवळ घेतले.

हे हसण्यासारखं होतं, पण फोटोवाल्यांना हसू यायचं नाही. ती माणसं खरं बोलत होती. कोणी बायकोला मारल्याचं सांगत होतं, कोणी मुलीच्या शाळेत पडल्याचं. सांगताना त्यांचे आवाज फुटायचे, आणि मग शेजारचा पाठीवर हात ठेवायचा. तो हात फोटोवाल्यांच्या पाठीवरही पडायचा. त्यांना वाटायचं, आपण या लोकांच्या शरमेतली थोडी चोरून नेतोय, आपली स्वतःची खरी शरम घरी कुलपात ठेवून. घरी आल्यावर बायको विचारायची, "सांगितलंत?" "पुढच्या रविवारी." असे सव्वीस रविवार झाले.

सत्ताविसाव्या रविवारी सभेनं त्यांना सहा महिने पूर्ण झाल्याबद्दल उभं केलं, टाळ्या वाजवल्या. घड्याळजी सोबत आलेल्यांच्या घोळक्यात मागे उभे होते. कुठला चेहरा त्यांचा हे फोटोवाल्यांना कळत नव्हतं, पण सगळ्यांच्या टाळ्या थांबल्यावरही एकजण वाजवत राहिला होता, त्यावरून कळलं. ते ऐकून फोटोवाल्यांना राहवेना. आज सांगायचंच. परत येताना, पोस्टाच्या भिंतीशी, ते थांबले.

"घड्याळजी, एक सांगायचंय. फार दिवस राहिलंय."

"आधी मी सांगतो," घड्याळजी म्हणाले. ते जमिनीकडे बघत असावेत, कारण आवाज खालून आला. "मी तुमच्याशी खोटं बोललो. माझा मेव्हणा सुटला नाही. गेला तो. मी त्याच्याशी आठ वर्षं बोललो नव्हतो, अपमान केला म्हणून. घरी आला होता शेवटी, मी दार उघडलं नाही. तुमच्या वेळी मला तेच होईल असं वाटलं, म्हणून आलो. सुटला असं सांगितलं, कारण नाहीतर तुम्ही आला नसतात." ते थांबले. "एक तरी सुटला. आता मला झोप लागते."

रस्त्यावरून एक हातगाडी गेली. ती जाईपर्यंत दोघं उभे होते.

"तुमचं काय होतं?" घड्याळजींनी विचारलं.

"काही नाही," फोटोवाले म्हणाले. "आभार मानायचे होते."

बायकोनं त्या दिवशी विचारलं तेव्हा त्यांनी पोस्टाच्या भिंतीशी काय झालं ते सांगितलं. तिनं ताट फिरवलं, हळूच, आणि पुन्हा कधी विचारलं नाही. रविवारच्या सभेला ते जात राहिले.

शाळेनं दुसरा फोटोवाला लावला. स्टुडिओ वर्षभरानं बंद झाला. घड्याळजी त्यानंतरच्या थंडीत न्यूमोनियानं वारले. फोटोवाले दिवसाला सहा बाटल्या प्यायचे आणि शेजारच्या घड्याळजीनं त्यांना त्यातून सोडवलं, असं गल्लीत अजूनही सांगतात.